मनातल्या मनात आकृती कशी फिरवावी

एखादी आकृती आडवी, उलटी किंवा तिरपी करून दाखवली आणि ‘ही मूळचीच आकृती आहे की तिचे आरशातले रूप?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी बहुतेक माणसे ती मनातल्या मनात फिरवून मूळ स्थितीत आणून पाहतात. अभियांत्रिकी चित्रकला, रेणूंच्या रचना, शस्त्रक्रिया, सुतारकाम, शिवणकाम, नकाशावाचन आणि बुद्धिमत्ता चाचण्यांतील आकृत्यांचे प्रश्न या सगळ्यांत हे कसब लागते. ते ज्यांना चटकन जमत नाही ती माणसे ‘हे आपल्याला उपजतच नाही’ असे ठरवून मोकळी होतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या कामाला पद्धत आहे आणि ती शिकता येते. मन हे काम कसे करते हे आधी समजून घेतले, तर ती पद्धत तशीच का आहे हेही आपोआप कळते.

या क्रियेला लागणारा वेळ मोजता येतो हे मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर यांनी १९७१ साली दाखवून दिले. दहा घन एकमेकांना जोडून केलेल्या आणि तीन ठिकाणी काटकोनात वळलेल्या वस्तूंची चित्रे त्यांनी तयार केली आणि त्यांच्या १६०० जोड्या आठ जणांसमोर मांडल्या. जोडीतील दोन्ही चित्रे एकाच वस्तूची आहेत की नाहीत, एवढेच सांगायचे होते. दोन्ही चित्रांतील वस्तूची स्थिती एकच असेल तेव्हा उत्तराला साधारण एक सेकंद लागे, आणि दोहोंत १८० अंशांचा फरक असेल तेव्हा चार ते सहा सेकंद लागत. मधल्या प्रत्येक कोनासाठीचा वेळ या दोन टोकांमधल्या जवळजवळ सरळ रेषेवर पडला. हिशेब केला तर वेग सेकंदाला सुमारे ६० अंश येतो, आणि वस्तू कागदाच्या पातळीत फिरवलेली असो वा खोलीच्या दिशेने, म्हणजे कागदातून आत-बाहेर, या वेगात फारसा फरक पडला नाही. पुढे लिन कूपर यांनी १९७६ मध्ये आणखी बारीक प्रश्न विचारला. माणूस आकृती मनात फिरवत असताना मध्येच त्याच्यापुढे एक चित्र ठेवले, आणि त्या क्षणी मनातली आकृती जिथवर पोहोचलेली असायला हवी नेमक्या त्याच कोनात ते चित्र असले, तर उत्तर सर्वांत लवकर येते असे त्यांना आढळले. मन सुरुवातीच्या स्थितीतून शेवटच्या स्थितीत एकदम उडी मारत नाही, तर मधल्या स्थितींतून जाते, असा याचा अर्थ होतो.

परंतु संपूर्ण आकृती मनात अखंड चित्रासारखी फिरते, असा अर्थ मात्र यातून काढू नये, कारण शिकणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कारपेंटर यांनी १९७६ मध्ये हा प्रश्न सोडवणाऱ्यांच्या नजरेच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा कामाचे तीन टप्पे दिसले. पहिल्या टप्प्यात दोन्ही चित्रांत एकमेकांशी जुळणारा एखादा भाग शोधला जातो, दुसऱ्या टप्प्यात तेवढाच भाग थोडा थोडा फिरवत तुलना होते, आणि तिसऱ्या टप्प्यात तेच फिरवणे उरलेल्या भागांनाही लागू पडते का, हे तपासले जाते. नजर या दोन चित्रांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करते. सगळी आकृती एकदम धरून फिरवू पाहणारा माणूस निम्म्या वाटेवर एखादा कोपरा विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. एक भाग पकडून तो नेणारा माणूस पोहोचतो. पुढे सांगितलेले सगळे काही या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

आधी ठरवावे: फिरवण्याची गरज आहे का?

नुसती ओळख पटवायची असेल तर फिरवावे लागतेच असे नाही. आडव्या पडलेल्या खुर्चीला खुर्ची म्हणायला तिचे पाय आणि पाठ दिसली की पुरते. दोन आकृत्यांतील घनांची संख्या वेगळी असेल, एका आकृतीचा हात दोन घनांचा आणि दुसरीचा तीन घनांचा असेल, किंवा वळणांची संख्याच जुळत नसेल, तर कितीही फिरवून त्या एक होणार नाहीत, म्हणून ही मोजणी सर्वांत आधी करावी. फिरवण्याची खरी गरज पडते ती डाव्या-उजव्याचा प्रश्न आला की. कूपर आणि शेपर्ड यांनी १९७३ मध्ये रोमन लिपीतील ‘आर’सारखी अक्षरे वेगवेगळ्या कोनांत दाखवून ती सरळ आहेत की आरशातली, असे विचारले. अक्षर थोडेसेच कललेले असेल तर वेळ फारसा वाढत नव्हता, पण ते जसजसे उलटे होत गेले तसतसा वेळ वाढत गेला आणि १८० अंशांना तो सर्वाधिक झाला. कोणते अक्षर येणार आणि ते किती अंशांनी वळलेले असेल, हे दोन्ही आधीच सांगून तयारीला पुरेसा वेळ दिला, तेव्हा मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. तयारीच्या वेळातच मनाने आपले काम उरकून घेतलेले असते.

या ठिकाणी आपल्याच लिपीतील अंक घेऊन पाहू. ‘छत्तीसचा आकडा’ आपण म्हणतो तो ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली असते म्हणून. बारीक तपशील सोडले तर ६ हे ३ चे आरशातले रूप आहे. आता ३ हा अंक कागदाच्या पातळीत १८० अंशांनी फिरवावा. उजवीकडे असलेले त्याचे फुगवटे डावीकडे जातात, म्हणजे ६ सारखेच होतात, आणि घाईत पाहणारा तिथेच ‘हा ६ आहे’ असे म्हणून टाकतो. परंतु खालची शेपटी आता वर आलेली असते. ६ मध्ये फुगवटे डावीकडे आणि शेपटी खाली असते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारे फिरवणे कागदाच्या पातळीत शोधूनही सापडत नाही; ३ लिहिलेला पारदर्शक कागद पालथा घातला तरच त्या साधतात. एका खुणेवरून कधीही निर्णय घेऊ नये, दोन खुणा घ्याव्यात, हा नियम या उदाहरणातून पक्का होतो.

वर, खाली आणि आकृतीचा स्वतःचा अक्ष

कोणतीही आकृती पाहताना मन तिला एक ‘वरची बाजू’ बहाल करते आणि उरलेले वर्णन त्या बाजूच्या आधाराने करते. चौरस ४५ अंशांनी फिरवून एका कोपऱ्यावर उभा केला की तो चौरस न वाटता शंकरपाळ्याच्या आकाराचा वाटू लागतो, हे निरीक्षण अर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. आकृती तीच असते, पण तिची वरची बाजू बदलली की मनातले तिचे वर्णनही बदलते. म्हणून पृष्ठाच्या वर-खालीवर विसंबून न राहता आकृतीतील सर्वांत लांब सरळ भाग शोधावा आणि त्यालाच तिचा अक्ष मानावा. मग त्या अक्षाच्या एका टोकाला नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘जाड टोक’ किंवा ‘वळलेले टोक’. आकृती कशीही पडली तरी ते नाव त्या टोकाबरोबर फिरते. मनाचा बराच गोंधळ ‘वरचे टोक’ आणि ‘जे आधी वर होते ते टोक’ या दोहोंच्या सरमिसळीतून होतो, आणि एका नावाने ती सरमिसळ थांबते.

एक उदाहरण सावकाश

एक उभा दांडा डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या वरच्या टोकाला उजवीकडे जाणारी एक आखूड फांदी आहे, तिला ‘क’ म्हणू. खालच्या टोकाला थेट आपल्याकडे येणारी दुसरी आखूड फांदी आहे, तिला ‘ख’ म्हणू. तीन ठोकळ्यांचा दांडा आणि एकेका ठोकळ्याच्या दोन फांद्या अशी ही वस्तू हाताशी असल्यास प्रत्यक्ष करून ठेवावी, परंतु आधी मनातच करून पाहावे.

पहिली हालचाल अशी: दांडा उभाच ठेवून, वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वस्तू ९० अंशांनी फिरवावी. या वेळी फक्त ‘क’कडे लक्ष द्यावे. ती उजवीकडे होती, ती आता आपल्याकडे येते. तिचे स्थान नक्की झाल्यावरच ‘ख’ हाती घ्यावी. ती आपल्याकडे होती, ती डावीकडे जाते. दांडा हलत नाही, कारण तोच या फिरण्याचा अक्ष आहे, आणि जे हलत नाही त्याचा विचार करण्यात शक्ती घालवायची नाही.

दुसरी हालचाल: आता दांड्याचे वरचे टोक उजवीकडे पडेल अशा रीतीने वस्तू कागदाच्या पातळीत ९० अंशांनी आडवी करावी. या वेळचा अक्ष म्हणजे आपल्याकडून थेट समोर जाणारी रेषा. ‘क’ आपल्याकडे रोखलेली आहे, म्हणजे ती या अक्षाला समांतर आहे, त्यामुळे तिची दिशा बदलत नाही. ती दांड्याच्या ज्या टोकावर आहे ते टोक तेवढे वरून उजवीकडे जाते. ‘ख’ डावीकडे होती, ती वर जाते. शेवटी आपल्यासमोर उरतो एक आडवा दांडा, ज्याच्या उजव्या टोकाला आपल्याकडे येणारी ‘क’ आहे आणि डाव्या टोकाला वर जाणारी ‘ख’ आहे.

हे करताना बहुतेकांना जाणवते की संपूर्ण वस्तू कधीच स्पष्ट दिसली नाही, तरीही उत्तर बरोबर आले. त्यात वावगे काही नाही, कारण ही पद्धत स्पष्ट चित्रावर अवलंबून नाही. प्रत्येक पायरीला ‘अक्ष कोणता, काय हलत नाही, आणि हलणाऱ्या भागाची नवी दिशा कोणती’ एवढे तीनच प्रश्न विचारायचे असतात.

क्रम मात्र पाळावाच लागतो. याच दोन हालचाली उलट क्रमाने केल्या, म्हणजे आधी दांडा उजवीकडे आडवा केला आणि मग वरून घड्याळाच्या दिशेने फिरवला, तर वेगळेच चित्र मिळते: दांड्याचे एक टोक आपल्याकडे रोखलेले असते आणि त्यावरची ‘क’ खाली लोंबते, तर लांबच्या टोकावरची ‘ख’ डावीकडे वळते. एकाच पातळीत फिरवताना क्रमाने काही बिघडत नाही, परंतु त्रिमितीत क्रम बदलला की परिणाम बदलतो. परीक्षेतील प्रश्नांत ‘आधी असे, मग तसे’ असे शब्द असतील तेव्हा ते शब्द अक्षरशः घ्यावेत.

न फिरवता आरशातले रूप ओळखणे

आता या विषयातली माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतो. वरच्या वस्तूकडे दांड्याच्या रेषेत, ‘क’ असलेल्या टोकाकडून पाहावे, म्हणजे दांडा आपल्यापासून दूर जाताना दिसेल. जवळची फांदी ‘क’ आणि दूरची फांदी ‘ख’. जवळच्या फांदीवरून दूरच्या फांदीवर जवळच्या वाटेने जायला घड्याळाच्या दिशेने पाव फेरा घ्यावा लागतो. आता दुसऱ्या टोकाकडे जाऊन पाहावे. तिथे ‘ख’ जवळची होते आणि ‘क’ दूरची, तरीही पाव फेरा घड्याळाच्याच दिशेने पडतो. वस्तू कितीही फिरवली, कोणत्याही टोकाकडून पाहिली तरी ही दिशा बदलत नाही. ती बदलते फक्त आरशात. उजव्या आट्यांचा स्क्रू कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजव्या आट्यांचाच राहतो, तसेच हे आहे.

म्हणून दोन आकृत्या एकच आहेत की आरशातल्या, एवढाच प्रश्न असेल, तर प्रत्येक आकृतीत असा मधला दांडा शोधावा ज्याच्या दोन्ही टोकांच्या फांद्या एकाच पातळीत नाहीत, आणि जवळच्या फांदीवरून दूरच्या फांदीकडे जाण्याची दिशा पाहावी. दोन्हींत घड्याळाची दिशा आली तर तो भाग जुळला. एकीत घड्याळाची आणि दुसरीत उलट आली तर त्या आकृत्या वेगळ्या आहेत. शेपर्ड-मेट्झलर पद्धतीच्या आकृतीत तीन वळणे, म्हणजे चार सरळ भाग असतात आणि त्यांतले मधले दोन भाग दांड्याचे काम करतात, म्हणून लांबी मोजून दोन्ही आकृत्यांत तोच दांडा निवडला आहे याची खात्री करून घ्यावी. फांद्या एकाच पातळीत असतील तर ही चाचणी काहीच सांगत नाही, आणि तेव्हा दुसरा दांडा घ्यावा. सुरुवातीला ही रीत फिरवण्यापेक्षा संथ वाटते, परंतु कोन मोठा असेल तेव्हा ती हमखास वेळ वाचवते, कारण तिला लागणारा वेळ कोनाबरोबर वाढत जात नाही.

हाताची मदत आणि स्वतःची जागा बदलणे

मनात आकृती फिरवताना हात नकळत हलू लागले तर त्यांना आवरू नये. हात ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मनातली आकृती फिरवायची असेल तर काम सोपे होते आणि विरुद्ध दिशेने फिरवायची असेल तर जड जाते, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. हाताच्या पंजाचे चित्र पाहून तो डावा की उजवा हे सांगताना तर माणूस स्वतःचाच हात मनात त्या स्थितीत नेऊन पाहतो. प्रत्यक्ष हात जिथे नेणे अवघड, तिथे उत्तरही उशिरा येते, असे लॉरेन्स पार्सन्स यांना १९८७ मध्ये आढळले. त्यामुळे अंगठा दांड्याच्या दिशेने, तर्जनी फांदीच्या दिशेने धरून मनगट वळवणे हे खुशाल करावे. कोणी पाहत असेल तरी संकोच करू नये.

वस्तू मोठी असेल, म्हणजे खोली, इमारत किंवा रस्त्यांची चौकट असेल, तेव्हा ती फिरवण्यापेक्षा आपण तिच्याभोवती फिरून दुसऱ्या बाजूला उभे राहिलो आहोत अशी कल्पना करणे सहसा सोपे जाते. ही क्रिया वेगळी आहे आणि ती काहींना आकृती फिरवण्यापेक्षा चांगली जमते, तर काहींना उलट. दोन्ही करून पाहावे आणि हातातल्या वस्तूंसाठी एक, भोवतालच्या जागेसाठी दुसरी, अशी वाटणी ठरवून टाकावी. एकाच प्रश्नात निम्मी वाट वस्तू फिरवून आणि निम्मी वाट स्वतः फिरून जाऊ नये, कारण दोहोंत डावे-उजवे उलट बाजूंनी सरकते.

सराव

सरावाने हे कसब वाढते याबद्दल आता शंका राहिलेली नाही. डेव्हिड अटल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रशिक्षणाने अवकाशीय कौशल्ये (आकार आणि जागा मनात हाताळण्याची कसबे) सुधारतात, ती सुधारणा टिकते आणि न शिकवलेल्या प्रकारांतही काही प्रमाणात उतरते, असे दिसले. या कामात पुरुषांचे सरासरी गुण स्त्रियांपेक्षा अधिक येतात हे अनेक चाचण्यांत आढळले आहे, परंतु सराव दोघांनाही उपयोगी पडतो, आणि सरासरीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल काहीच ठरत नाही. शेरिल सॉर्बी यांनी मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात १९९३ पासून अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम चालवला आणि त्यात हाताने रेखाटन करण्यावर भर दिला. तो भर मला अगदी योग्य वाटतो: वस्तू समोर ठेवावी, ती ९० अंशांनी फिरवल्यावर कशी दिसेल ते आधी कागदावर काढावे, आणि नंतरच ती प्रत्यक्ष फिरवून ताडून पाहावे. उत्तर आधी पाहिले तर सराव होत नाही.

सरावातली एक फसगत मात्र ओळखून असावी. मायकेल टार आणि स्टीव्हन पिंकर यांनी १९८९ मध्ये दाखवले की त्याच त्या आकृत्या त्याच त्या कोनांत वारंवार पाहिल्या की मन त्या स्थिती साठवून ठेवते आणि मग फिरवायची गरजच उरत नाही; नवा कोन आला की मात्र वेळ पुन्हा वाढतो. एकच प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवून वेग वाढला, तर ती बहुधा पाठांतराची कमाई असते. म्हणून आकृत्या बदलत ठेवाव्यात, आणि जुन्याच आकृत्या घ्यायच्या तर कोन बदलावेत.

ज्यांना मनात चित्रच दिसत नाही त्यांनीही हा सराव सोडू नये. जन्मांध व्यक्तींनी स्पर्शाने ओळखलेल्या आकृत्यांबाबतही कोनाबरोबर वेळ वाढतो, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. आणि मनातली चित्रे पुसली गेलेल्या एका रुग्णाने घनाकृतींचे प्रश्न अचूक सोडवल्याचे २०१० मध्ये नोंदवले गेले आहे. अशांनी वर सांगितलेली दिशांची पायरी-पायरीने नोंद आणि पाव फेऱ्याची चाचणी यांवरच भर द्यावा.

परीक्षेच्या खोलीबाहेर, वस्तू हातात असेल तर ती सरळ फिरवावी. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी १९९४ मध्ये टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा खेळाडू तुकडा मनात फिरवण्याऐवजी पडद्यावरच बटण दाबून फिरवतात आणि त्यात त्यांचा वेळ वाचतो, असे त्यांना दिसले. परीक्षेत कागद फिरवण्याला मनाई नसेल तर तो फिरवावा, म्हणजे कागदाच्या पातळीतला कोन फुकटात नाहीसा होतो आणि मनाला फक्त खोलीच्या दिशेचे फिरवणे उरते. व्हँडनबर्ग आणि क्यूस यांच्या १९७८ च्या चाचणीत चार पर्यायांपैकी दोन बरोबर असतात. अशा चाचणीत पहिले बरोबर उत्तर सापडल्यावर, शक्य असेल तर, पुढची तुलना मूळ आकृतीशी न करता त्या सापडलेल्या उत्तराशी करावी. उरलेल्या पर्यायांपैकी एखाद्याचा कोन त्याच्याशी अधिक जवळचा असण्याची शक्यता असते आणि तेवढे फिरवणे वाचते.